अणुअंक मोजला कुणी? एका ओळखीच्या धड्याची उलटतपासणी

अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. हे वाक्य तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आठवी-नववीपासून एमएससीपर्यंत ते आपल्यासोबत असतं, नेट-सेटच्या गाइडमध्ये ठळक अक्षरांत असतं, आणि पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलंच तर आपण ते खणखणीत आवाजात म्हणूनही टाकतो. मग समोरचे सर किंवा मॅडम पुढचा प्रश्न टाकतात : "ते मोजलं कसं?" इथे मात्र बऱ्याच जणांची गाडी अडते. काही जण रुदरफर्डचा सोन्याचा पत्रा सांगतात, काही जण मोझलीचं नाव घेऊन थांबतात, आणि काही जण तर "अणुवस्तुमानांकातून न्यूट्रॉन वजा करायचे" असंही म्हणतात. न्यूट्रॉन किती हे कुठून कळलं, हा प्रश्न मग कुणी विचारू नये एवढीच प्रार्थना.

यात विद्यार्थ्यांचा दोष मला कमी वाटतो. आपण अणुरचनेचा जो धडा वर्षानुवर्षं वाचतो तो लिहिलाच अशा पद्धतीने जातो, की हा प्रश्न पडू नये. आज त्या धड्याकडे जरा टीकाकाराच्या नजरेने बघू. मी कुठल्या एका पुस्तकाबद्दल बोलत नाहीये. मराठी असो की इंग्रजी, शाळेचं असो की पदवीचं, धड्याचा साचा सगळीकडे साधारण एकच आहे. डाल्टन, मग थॉमसन, मग रुदरफर्ड, मग बोर. प्रत्येकाचं एक अणुप्रारूप, त्याखाली "त्रुटी", आणि त्या त्रुटी दूर करायला हजर झालेला पुढचा शास्त्रज्ञ. आवर्तसारणी वेगळ्या धड्यात. किरणोत्सार आणखी लांब, बहुतेकदा वर्षाच्या शेवटी, जेव्हा शिकवायला वेळ उरलेला नसतो.

माझी मुख्य तक्रार या फाळणीबद्दल आहे. अणुअंक ही कल्पना ज्या काळात पक्की झाली, साधारण १९११ ते १९२०, त्या काळात हे तीन धडे वेगळे नव्हतेच. एकातला पुरावा दुसऱ्यात वापरला जात होता. ते वेगळे केले की पुरावा गळून पडतो आणि हातात फक्त व्याख्या उरते.

आधी शब्द बघा. आपल्याकडे दोन शब्द चालतात : अणुअंक आणि अणुक्रमांक. परीक्षेत दोन्ही सारखेच. पण "क्रमांक" हा शब्द जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं, कारण सुरुवातीला हा आकडा खरोखरच नुसता क्रमांक होता. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा टोकन नंबर असतो ना, तसा. हायड्रोजन पहिला, हेलियम दुसरा, लिथियम तिसरा. रांग लावायची अणुभाराच्या चढत्या क्रमाने, आणि जिथे रासायनिक गुणधर्म बोंब मारतील तिथे थोडी अदलाबदल करायची. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये टेल्युरियमला आयोडीनच्या आधी बसवलं ते असंच. टेल्युरियमचा अणुभार जास्त, तरी तो आधी. हा अणुभारच चुकीचा मोजला गेला असणार, असं मेंडेलीव्हचं म्हणणं होतं. तो चुकीचा नव्हता. आजही टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९ आहे. पुढे अरगॉन आणि पोटॅशियम, कोबाल्ट आणि निकेल याही जोड्या तशाच उलट्या निघाल्या. म्हणजे रांग बरोबर लागली होती, पण रांग लावण्याचं कारण काय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. (मेंडेलीव्हने न सापडलेल्या मूलद्रव्यांना "एका-ॲल्युमिनियम", "एका-सिलिकॉन" अशी नावं दिली, आणि त्यातला "एका" हा आपला संस्कृत "एक". धड्यात हे बहुतेकदा येतं. उलट्या जोड्यांचं कोडं मात्र "मेंडेलीव्हच्या सारणीतील त्रुटी" या मथळ्याखाली दोन ओळींत उरकतात.)

आता रुदरफर्ड. मे १९११ चा तो प्रसिद्ध पेपर मिळाला तर जरूर वाचा. आपल्याकडे एमएससी झालेल्यांनीही तो सहसा उघडलेला नसतो. धडा सांगतो की रुदरफर्डने "अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते" असा निष्कर्ष काढला. पेपरात काय आहे? अल्फा कण मोठ्या कोनातून वळतात याचा अर्थ अणूच्या मध्यभागी, अगदी थोड्या जागेत, मोठा प्रभार एकवटलेला आहे, हे आहे. पण तो प्रभार धन की ऋण, यावर आपले मुख्य निष्कर्ष अवलंबून नाहीत, असं रुदरफर्ड स्वतःच म्हणतो आणि सोयीसाठी धन धरून पुढे जातो. कारण विखुरण्याच्या सूत्रात प्रभाराचा वर्ग येतो आणि वर्गात चिन्ह हरवतं. सोन्यासाठी त्याने हा प्रभार इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या साधारण १०० पट धरला. खरा आकडा ७९. म्हणजे सोन्याच्या पत्र्याने "मध्यभागी प्रभार आहे" हे सांगितलं, "तो अणुभाराच्या साधारण निम्मा आहे" इथवर आणून सोडलं. ७९ आणि १०० यांतला फरक त्या वेळच्या मोजमापांना कळत नव्हता. ज्याला सोन्याचा पत्रा म्हणजे अणुअंकाचा पुरावा वाटतो, त्याने हे २१ चं अंतर लक्षात ठेवावं.

आणि ती "त्रुटी"! फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळेल, हे रुदरफर्डला सांगायला कुणी नंतर आलं असं धड्यावरून वाटतं. त्याच पेपरात त्याने लिहून ठेवलंय की अणूच्या स्थैर्याचा प्रश्न या टप्प्यावर विचारात घ्यायची गरज नाही. ही त्रुटी म्हणू नका. मुद्दाम आखलेली सीमा आहे ती. तुम्ही उद्या सिनॉप्सिस लिहाल तेव्हा "अभ्यासाच्या मर्यादा" नावाचा एक परिच्छेद लिहाल, तिथे हेच करायचं असतं : माझ्याकडे असलेला डेटा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कुठल्या प्रश्नाला मी हात लावत नाही. धड्याने त्या सीमेला नापासाचा शिक्का मारला.

आता किरणोत्साराकडे वळू. माझ्या मते या गोष्टीचा सगळ्यात कमी शिकवला जाणारा आणि सगळ्यात सुंदर भाग तिथेच आहे.

१९१० च्या आसपास किरणोत्सारी पदार्थांची गर्दी झाली होती. युरेनियम आणि थोरियमपासून सुरू होणाऱ्या साखळ्यांमध्ये तीसहून अधिक वेगवेगळी "मूलद्रव्यं" सापडली होती, प्रत्येकाचा अर्धायुष्यकाल वेगळा. आणि आवर्तसारणीत शिशापासून युरेनियमपर्यंत घरं किती? जेमतेम डझनभर. बरं, यातले काही पदार्थ रासायनिक दृष्ट्या एकमेकांपासून सुटेच ना. जॉर्ज हेवेशी नावाचा तरुण मँचेस्टरला रुदरफर्डकडे आला तेव्हा त्याला काम मिळालं : शिशात मिसळलेलं रेडियम-डी वेगळं काढ. नाना खटपटी करूनही जमलं नाही. मग त्याने आणि पानेटने डोकं लढवलं, की सुटत नाही ना, मग शिसं कुठे कुठे जातंय हे शोधायलाच याचा उपयोग करू! किरणोत्सारी मागोवा घेण्याचं तंत्र तिथून निघालं, आणि हेवेशीला १९४३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. रेडियम-डी म्हणजे शिशाचाच एक प्रकार, शिसे-२१०. रासायनिक पद्धतीने शिशापासून शिसं वेगळं होणार कसं?

१९१३ मध्ये सॉडी, फायान्स आणि रसेल यांनी या गर्दीला शिस्त लावली. अल्फा कण बाहेर पडला की पदार्थ आवर्तसारणीत दोन घरं डावीकडे सरकतो. बीटा कण बाहेर पडला की एक घर उजवीकडे. आपल्या धड्यात हा नियम असा समजावतात : अल्फा कणात दोन प्रोटॉन, म्हणून अणुअंक दोनने कमी. समजायला सोपं, पण तर्क उलटा झाला. त्या वेळी केंद्रकातल्या प्रोटॉनांबद्दल कुणी बोलतच नव्हतं, तो शब्दच १९२० च्या सुमाराचा. सॉडी-फायान्सनी हे घरं सरकणं रसायनशास्त्रातून ओळखलं होतं : तयार झालेला पदार्थ कशासोबत साक्यात बसतो, कशापासून सुटतो, कशापासून सुटत नाही.

आणि आता इथे जरा थांबा, कारण खरी गंमत पुढे आहे. अल्फा कणावर दोन एकक धन प्रभार असतो हे वेगळ्या प्रयोगांतून आधीच माहीत होतं. बीटा कण म्हणजे इलेक्ट्रॉन, एक एकक ऋण प्रभार. दोन एकक प्रभार गेला की दोन घरं मागे. एक ऋण एकक गेला की एक घर पुढे. म्हणजे सारणीतलं एक घर म्हणजे केंद्रकावरचा एक एकक प्रभार! हा निष्कर्ष विखुरण्याच्या प्रयोगातून निघत नव्हता, तिथे तर सोनं १०० वर अडकलं होतं. तो निघाला किरणोत्सारातून. मूलद्रव्याचा क्रमांक हाच त्याच्या केंद्रकाचा प्रभार असावा ही कल्पना व्हान डेन ब्रूक नावाच्या डच गृहस्थाने मांडली होती. शिक्षणाने तो वकिलीकडचा, भौतिकशास्त्र हौसेने करणारा. त्याचं पत्र "नेचर"मध्ये २७ नोव्हेंबर १९१३ ला आलं. पुढच्याच आठवड्यात, ४ डिसेंबरला, सॉडीचं पत्र आलं : किरणोत्साराचा पुरावा याला दुजोरा देतो. त्याच पत्रात त्याने एक नवा शब्द वापरला, ज्याला आपण समस्थानिक म्हणतो.

हा मराठी शब्द पुन्हा एकदा नीट वाचा. सम-स्थानिक. समान स्थान असलेले. कुठलं स्थान? आवर्तसारणीतलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही नेमका हाच, तो सॉडीला मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी सुचवला होता. आपण मात्र "प्रोटॉन समान, न्यूट्रॉन भिन्न" असं पाठ करतो, आणि शब्दात उघड दिसणारं "स्थान" आपल्याला दिसत नाही. सॉडीला न्यूट्रॉन माहीत असणं शक्यच नव्हतं, तो चॅडविकला १९३२ मध्ये सापडला. सॉडीला एवढंच माहीत होतं की युरेनियममधून एक अल्फा आणि नंतर दोन बीटा बाहेर पडले, तर दोन मागे आणि दोन पुढे, म्हणजे पदार्थ परत युरेनियमच्याच घरात येतो. पण वजनाने चार एककं हलका होऊन. घर तेच, वजन वेगळं. अणुभारावर रांग लावण्याची जुनी पद्धत तिथेच निकालात निघाली. पुढच्या वर्षी शिशाचे अणुभार मोजले गेले तेव्हा युरेनियमच्या खनिजातलं शिसं २०६ कडे झुकलेलं निघालं, थोरियमच्या खनिजातलं २०८ कडे, आणि नेहमीचं शिसं मध्ये, २०७.२. रसायनशास्त्रात ज्याला निसर्गाचा स्थिरांक समजत होते तो आकडा दगड कुठल्या खाणीतला आहे यावर बदलत होता. हा एवढा मोठा धक्का आपल्या धड्यात एका ओळीचाही धनी नाही!

पण किरणोत्सारी साखळ्या सारणीच्या शेवटच्या टोकालाच. कोबाल्ट-निकेलचं भांडण तिथून सुटणार नव्हतं. इथे मोझली येतो.

मोझलीचा डिसेंबर १९१३ चा पेपर संशोधनाला निघालेल्या प्रत्येकाने वाचावा, आणि तेही त्यातला तक्ता समोर ठेवून. त्याने एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून निघणाऱ्या क्ष-किरणांचा वर्णपट फोटोवर घेतला. मुख्य रेषेच्या वारंवारतेतून बोरच्या सूत्राच्या आधाराने एक आकडा काढला. कॅल्शियम १९.००, टायटॅनियम २०.९९, व्हॅनेडियम २१.९६, क्रोमियम २२.९८, मँगनीज २३.९९, लोह २४.९९, कोबाल्ट २६.००, निकेल २७.०४, तांबं २८.०१, जस्त २९.०१. घरागणिक एकची वाढ. कॅल्शियम आणि टायटॅनियममध्ये दोनचा फरक, कारण मधलं स्कँडियम त्याने तपासलेलं नव्हतं. जागा मात्र आपोआप सुटली. कोबाल्ट आधी, निकेल नंतर. अणुभार काहीही म्हणो. जस्तासाठी त्याने पितळ वापरलं आणि फोटोवर तांब्याच्या रेषाही उमटल्या. म्हणजे नमुना शुद्ध नसला तरी पद्धत चालते, उलट अशुद्धी कसली तेही सांगते.

धड्यात यातलं काय उरतं? "वारंवारतेचे वर्गमूळ हे अणुअंकाच्या समप्रमाणात असते" आणि एक सरळ रेषा. आलेखाच्या आडव्या अक्षावर अणुअंक आधीच लिहिलेला! वाचणाऱ्याला वाटतं, अणुअंक माहीत होते आणि मोझलीने एक संबंध शोधला. खरं काम आडवा अक्ष ठरवण्याचं होतं.

आता मोझलीवरही थोडी टीका करू, कारण थोर पेपर म्हणून हात जोडून वाचणं हे वाचनच नव्हे. आपले आकडे बोरच्या सिद्धांताला पाठबळ देतात असं तो म्हणतो. जानेवारी १९१४ मध्ये लिंडमानने "नेचर"मध्येच हरकत घेतली, की हे आकडे इतर गृहीतकांतूनही निघू शकतात, त्यातून नेमका बोरच सिद्ध होत नाही. ही हरकत मला रास्त वाटते. "दर घराला एकची वाढ" हे निरीक्षण बोर चुकला असता तरी टिकलं असतं. डेटा एका दाव्याला भक्कम आधार देतो आणि शेजारच्या दाव्याला जेमतेम, हे ओळखणं व्हायवाच्या आधी शिकलेलं बरं. दुसरं, एप्रिल १९१४ च्या पुढच्या पेपरात तो ॲल्युमिनियम १३ पासून सोनं ७९ पर्यंत गेला आणि तीन घरं रिकामी आहेत असं जाहीर केलं : ४३, ६१, ७५. ती तिन्ही खरोखर रिकामी होती. पण चौथंही होतं, ७२. त्या वेळी थुलियम म्हणजे दोन मूलद्रव्यं आहेत असा एक दावा होता. मोझलीने तो तक्त्यात घेतला आणि पुढची घरं एकेकाने सरकून ७२ वर ल्युटेशियम बसलं. स्वतः न मोजलेली गोष्ट रसायनतज्ज्ञांच्या भरवशावर घेतली की काय होतं, त्याचं हे उदाहरण. खरं ७२, हाफ्नियम, १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडलं. शोधणाऱ्या दोघांत एक आपला शिसं सोडवू न शकलेला हेवेशी. आणि ४३ व ६१ इतका काळ का सापडले नाहीत? त्यांचा एकही समस्थानिक स्थिर नाही, म्हणून. पुन्हा किरणोत्सार.

मोझली हे पाहायला नव्हता. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वय २७.

एवढं होऊनही "हा क्रमांक म्हणजेच केंद्रकाचा प्रभार" हे थेट मोजलेलं नव्हतंच. ते चॅडविकने १९२० मध्ये केलं, रुदरफर्डचाच विखुरण्याचा प्रयोग अधिक काटेकोरपणे करून. तांबं २९.३, चांदी ४६.३, प्लॅटिनम ७७.४ असे आकडे आले. आज आपण २९, ४७, ७८ म्हणतो. आता बघा, सोन्याच्या पत्र्याने अणुअंक मोजला हे विधान १९११ साठी खोटं आणि १९२० साठी जवळपास खरं आहे. धड्यात ही नऊ वर्षं एका बाणात मावतात.

आणि व्याख्येचं काय? १९२० नंतर न्यूट्रॉन सापडेपर्यंत बहुतेकांची समजूत अशी होती की केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही असतात. नायट्रोजनच्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, निव्वळ प्रभार ७. त्या हिशेबाने "केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या" म्हणजे अणुअंक हे लिहिणारा विद्यार्थी साफ नापास झाला असता! या समजुतीला मोठा तडा गेला तो १९२९ मध्ये, जेव्हा रसेट्टीने नायट्रोजन वायूचा रामन वर्णपट घेतला आणि नायट्रोजनचं केंद्रक २१ कणांसारखं, म्हणजे विषम संख्येसारखं, वागत नाही असं दिसलं. कोलकात्यात वर्षभरापूर्वीच सापडलेला परिणाम केंद्रकाच्या पोटातलं सांगून गेला. व्याख्या बदलली, नायट्रोजनचा ७ तसाच राहिला.

धडा लिहिणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. चौदा वर्षांच्या मुलाला हा सगळा गोंधळ देता येत नाही, आणि द्यावाही असं मी म्हणणार नाही. तिथे सरळ व्याख्याच बरी. माझा राग आहे तो तोच धडा एमएससीपर्यंत, फक्त समीकरणं वाढवून, पुन्हा पुन्हा लिहिण्यावर. आणि दुसऱ्या टोकाला, मेंडेलीव्हचं स्वप्न आणि टिश्यू पेपरवरून उलट आलेला तोफगोळा असल्या किश्श्यांना विज्ञानाचा इतिहास म्हणण्यावर. तोफगोळ्याची ती उपमा रुदरफर्डने वापरली ती आयुष्याच्या अखेरीस दिलेल्या एका व्याख्यानात. १९११ च्या पेपरात ती शोधू नका.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच एक्सआरडीचं यंत्र वापरतील. त्यात तांब्याचा के-अल्फा किरण असतो, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, हा आकडा प्रत्येक पेपरच्या प्रयोग-विभागात डोळे मिटून लिहिला जातो. एकदा कागद घ्या. प्रकाशाचा वेग भागिले ही तरंगलांबी, म्हणजे वारंवारता. तिला रिडबर्ग वारंवारतेच्या, ३.२९ गुणिले १० चा १५ वा घात, तीन-चतुर्थांशाने भागा आणि वर्गमूळ काढा. २८.०८ येतं. त्यात १ मिळवला की तांब्याचा २९, थोडा जास्तच. आधी हा १ कुठून आला ते शोधा, आणि मग ते वरचं ०.०८.